रक्ताने रुग्णाकडे जावे

रक्तदान हा महाराष्ट्राच्या समाजजीवनाचा स्वभावच होऊन गेला आहे. गणेशोत्सवाचा मंडप असो, शिवजयंती असो, एखाद्या पतसंस्थेचा वर्धापनदिन असो वा दिवंगत कार्यकर्त्याची पुण्यतिथी. खाटा मांडाव्यात, सतरंज्या अंथराव्यात आणि तरुणांनी बाह्या वर सारून रांगेत उभे राहावे, हे दृश्य शहरांपासून वाडीवस्तीपर्यंत सर्वांच्या परिचयाचे आहे. गेल्या काही वर्षांत राज्यात वर्षाकाठी वीस लाख युनिटांच्या आसपास रक्त गोळा होत आले असून रक्तसंकलनात महाराष्ट्र देशात अग्रेसर राहिला आहे. १९५४ मध्ये मुंबईत लीला मूळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाच्या प्रसाराला आरंभ केला, तेव्हा रक्त दिल्याने कायमचा अशक्तपणा येतो ही समजूत सुशिक्षितांमध्येही होती. तेथपासूनची ही वाटचाल कोणालाही अभिमान वाटावा अशीच आहे.

परंतु दात्याच्या हातातून निघालेले रक्त पुढे कसे आणि केव्हा रुग्णापर्यंत पोहोचते, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते रक्तपेढीच्या शीतकपाटात २ ते ६ अंश तापमानात जपून ठेवलेले असते. तेथून ते बाहेर पडते ते रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्यावर, डॉक्टरांनी मागणीचा कागद लिहिल्यावर, नमुना जुळवून झाल्यावर आणि बहुतेक ठिकाणी, नियम काहीही सांगोत, रुग्णाच्या नातेवाइकानेच धावपळ केल्यावर. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी ही पद्धत योग्यच आहे. महामार्गावर मांडीचे हाड आणि ओटीपोटाचा सांगाडा मोडून पडलेल्या माणसासाठी, किंवा दुर्गम पाड्यात प्रसूतीनंतर रक्तस्राव न थांबलेल्या मातेसाठी मात्र तो प्रवास फार लांबचा ठरतो. त्यांच्या दाराशी येणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत प्राणवायू असतो, सलाईन असते, औषधे असतात, हृदयाला विद्युत्झटका देणारे यंत्र असते आणि आपल्या राज्यात तर डॉक्टरही असतो. नसते ते रक्त. ज्या रुग्णाचे रक्तच वाहून चालले आहे, त्याला आपण बाकी सर्व काही देतो!

हा प्रश्न किती मोठा आहे, हे समजण्यासाठी एकच आकडा पुरे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. या सर्वांचा मृत्यू रक्तस्रावाने झाला असे नव्हे. डोक्याला झालेली इजा हे त्यातील फार मोठे कारण आहे आणि तेथे रक्ताच्या पिशवीने फारसे साधत नाही. तरीही गंभीर जखमींमध्ये ज्यांना वेळेवर उपचार मिळाले असते तर वाचवता आले असते, त्यांत रक्तस्रावाने दगावणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो, हे जगभरच्या अपघातवैद्यकाने मान्य केले आहे. आणि असा मृत्यू पहिल्या काही तासांतच, पुष्कळदा पहिल्या तासातच येतो.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातील लिटर-दीड लिटर गेले तरी शरीर कसेबसे तग धरते. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, माणूस घाबराघुबरा होतो. दोन लिटर गेले की झुंज हाताबाहेर जाऊ लागते. अशा वेळी आपल्याकडे काही दशके शिकवली गेलेली रीत म्हणजे दोन्ही हातांना सलाईन लावून ते वेगाने सोडणे. त्याने रक्तदाब क्षणभर वर येतो आणि पाहणाऱ्याला बरे वाटते. पण खारे पाणी प्राणवायू वाहून नेत नाही. उलट शरीरात उरलेले रक्त ते पातळ करते, रक्त गोठवणारी द्रव्ये विरळ करते, शरीर थंड पाडते. आणि थंड पडलेल्या शरीरात रक्त गोठण्याची क्रिया आणखी मंदावते. दाब वाढल्याने नुकतीच धरलेली गुठळी सुटते, ती निराळीच. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धडाला भोसकल्याच्या वा गोळीच्या जखमा असलेल्या ज्या रुग्णांना शस्त्रक्रियेपर्यंत सलाईन देण्याचे थांबवले होते, ते लगेच सलाईन मिळालेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात जगले. म्हणजे सलाईन ही रक्ताची गरीब बहीण आहे असेही म्हणता येत नाही. रक्ताची उणीव रक्तानेच भरून निघते.

रक्त रुग्णाकडे नेण्याची कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, कॅप्टन ऑस्वल्ड रॉबर्टसन या लष्करी डॉक्टरने बर्फात जपलेल्या बाटल्यांतून रक्त आघाडीजवळ नेऊन दाखवले. १९३६ मध्ये स्पेनमधील यादवी युद्धात कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी माद्रिदमध्ये फिरते रक्तसंक्रमण पथक उभारले. शीतकपाट बसवलेल्या मोटारींतून रक्त घेऊन ते सैनिकांपर्यंत जात. हेच बेथ्यून पुढे चीनमध्ये गेले आणि १९३९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाची धुरा ज्याने १९४१ मध्ये वाहिली, तो आपला सोलापूरचा द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या त्या पथकात कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांची आठवण आपण त्यागाच्या संदर्भात काढतो आणि ते उचितच आहे. पण ते ज्या परंपरेत काम करीत होते तिचे वैद्यकीय सूत्रही ध्यानात घेण्यासारखे आहे : जखमी माणूस डॉक्टरकडे येईल म्हणून थांबायचे नाही. साधनांची ददात असलेल्या चीनच्या डोंगराळ मुलखात जे सूत्र पाळण्याचा प्रयत्न झाला, ते आज चौपदरी आणि आठपदरी रस्त्यांच्या काळात आपल्याला अशक्य वाटावे, हे आश्चर्य आहे.

इतरत्र ते अशक्य वाटलेले नाही. लंडनच्या हवाई रुग्णवाहिकेने मार्च २०१२ पासून तांबड्या रक्तपेशींच्या पिशव्या बरोबर नेण्यास प्रारंभ केला आणि पुढे ब्रिटनमधील अनेक हवाई रुग्णवाहिका सेवांनी तोच मार्ग धरला. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात सॅन अँटोनिओ परिसरात २०१८ पासून संपूर्ण रक्त आधी हेलिकॉप्टरमध्ये व नंतर रस्त्यावरच्या रुग्णवाहिकांतही ठेवले जाऊ लागले. तेथील व्यवस्थेतील एक गोष्ट आपण विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. रुग्णवाहिकेतील पिशवी काही दिवस वापरली गेली नाही, तर ती मुदत संपण्याच्या आधीच मोठ्या रुग्णालयाकडे परत जाते आणि तेथे वापरली जाते. तिच्या जागी ताजी पिशवी येते. ‘रुग्णवाहिकांतून रक्त ठेवले तर ते वाया जाईल’ या आक्षेपाला हे चोख उत्तर आहे. रवांडासारख्या डोंगराळ आणि गरीब देशाने ऑक्टोबर २०१६ पासून ड्रोनद्वारे दूरच्या रुग्णालयांना रक्त पोहोचवले. तेथील सेवेचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार बारा महिन्यांत मुदतबाह्य होऊन फुकट जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण ६७ टक्क्यांनी घटले. दूरवरच्या रुग्णालयाला ‘असू द्या जवळ’ म्हणून साठा करून ठेवण्याची गरजच उरली नाही, हे त्यामागचे साधे कारण. आपल्याकडेही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०२३ मध्ये दिल्लीजवळ ड्रोनने रक्तपिशव्या नेण्याची चाचणी केली आहे. चाचणी झाली, छायाचित्रे प्रसिद्ध झाली. आता तिचा उपयोग गडचिरोलीला आणि अक्राणीला व्हावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तथापि या विषयात उत्साहाने वाहून जाणे योग्य नव्हे. विज्ञानाने दिलेली उत्तरे सरळ एका बाजूची नाहीत आणि ती वाचकांपासून लपवून ठेवणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. अमेरिकेत हवाई रुग्णवाहिकांतून नेलेल्या ५०१ जखमींवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना वाटेतच रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा मिळाला त्यांच्यात तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण २३.२ टक्के होते. ज्यांना तो मिळाला नाही त्यांच्यात ३३ टक्के. शंभरामागे दहा प्राण! मात्र त्याच वर्षी डेन्व्हर शहरातील रस्त्यावरच्या रुग्णवाहिकांतील अभ्यासात काहीही लाभ दिसला नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधील ४३२ रुग्णांच्या अभ्यासातही तांबड्या पेशी व शुष्क प्लाझ्मा मिळालेले आणि केवळ सलाईन मिळालेले यांच्यात ठोस फरक आढळला नाही. मग खरे काय समजावे? पहिल्या दोन अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा एक गोष्ट पुढे आली. रुग्णालयापर्यंतचा प्रवास वीस मिनिटांहून अधिक होता, तेथे प्लाझ्माचा लाभ दिसला. त्याहून कमी होता, तेथे दिसला नाही. ज्या नगरात दहा मिनिटांत सुसज्ज शस्त्रक्रियागृह गाठता येते, तेथे रक्त देण्यासाठी रस्त्यात थांबणे म्हणजे वेळ दवडणेच आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या चर्चेचा मथितार्थ स्पष्ट आहे. दादरला किंवा डेक्कन जिमखान्यावर उभ्या असणाऱ्या रुग्णवाहिकेत रक्त ठेवण्याची निकड नाही. तेथे गर्दीतून वाट मिळणे हीच खरी औषधयोजना. प्रश्न आहे तो समृद्धी महामार्गाचा, कोकणातल्या घाटांचा, मेळघाटचा, भामरागड-एटापल्लीचा आणि नर्मदाकाठच्या पाड्यांचा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून जून २०२५ मध्ये तो पूर्णपणे खुला झाला. मोठी शहरे टाळून जाणे हीच त्याची ख्याती, आणि मोठी रुग्णालये असतात ती मोठ्या शहरांतच. तेथे वाहनांचा वेग अधिक, म्हणून जखमा अधिक खोल. आणि शस्त्रक्रियागृह दूर. रस्ते बांधणीत आपण जगाच्या बरोबरीने जाऊ इच्छितो आणि ते योग्यच आहे. मग त्या रस्त्यावर पडलेल्या माणसाला जगाच्या बरोबरीचा उपचार मिळावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येईल काय?

मातामृत्यूंचा विषय तर याहून जिव्हाळ्याचा. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८ ते २०२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू होत होता. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते. राज्याची ही कामगिरी निःसंशय चांगली आहे. पण सरासरीच्या आड काय दडलेले असते, ते नंदुरबार आणि गडचिरोलीत काम करणाऱ्या आशाताईला विचारावे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे प्रमुख कारण आहे. आपल्याकडे गर्भवतीच्या शरीरात रक्त मुळातच कमी असते, त्यामुळे दुसरी स्त्री जो रक्तस्राव सोसून जाईल तोच हिच्या जिवावर बेततो. आणि येथे एक सोय अशी आहे की जी अपघातात कधीच नसते. मातेचा रक्तगट आधीच तपासलेला असतो, तो तिच्या कार्डावर लिहिलेला असतो आणि प्रसूतीची तारीखही साधारण ठाऊक असते. कोणत्या तालुक्यात कोणत्या आठवड्यात कोणत्या गटाच्या किती स्त्रिया प्रसूत होणार आहेत, याची यादी आरोग्यखात्याच्या दप्तरात आहे. त्या यादीप्रमाणे जवळच्या साठवण केंद्रात त्या गटाच्या पिशव्या ठेवणे आणि गरज पडताच त्या रुग्णवाहिकेसोबत पाड्याकडे धाडणे, यासाठी कोणत्याही नव्या शोधाची आवश्यकता नाही.

अपघातग्रस्ताचा रक्तगट ठाऊक नसतो, तेव्हा कोणते रक्त द्यायचे? याचे सर्वमान्य उत्तर ‘ओ निगेटिव्ह’ असे आहे आणि ऐकणारा तेथेच हात टेकतो. कारण आपल्या देशात सर्व गट मिळून निगेटिव्ह रक्ताची माणसे शेकडा पाचच्या आसपास आहेत. त्यातही ओ निगेटिव्ह आणखी थोडी. परंतु प्राणावर बेतलेल्या प्रसंगी पुरुषांना आणि मूल होण्याचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांना ओ पॉझिटिव्ह तांबड्या पेशी देण्याची पद्धत जगातील अनेक अपघात रुग्णालयांनी स्वीकारलेली आहे, आणि ज्या समाजात शेकडा पंचाण्णव माणसे पॉझिटिव्हच आहेत तेथे तिचा धोका आणखी कमी. तरुण स्त्रीसाठी ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या जिल्ह्याच्या ठिकाणी राखून ठेवता येतील. एक अपवाद मात्र येथे नोंदवला पाहिजे, कारण त्याचे नावच मुळी आपल्या राजधानीचे आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेला ‘बॉम्बे रक्तगट’ वरवरच्या तपासणीत ओ गटासारखा भासतो, पण त्या व्यक्तीला ओ गटाचे रक्त चालत नाही. अशा व्यक्ती भारतात दहा हजारांत एखादी. मरणाच्या दारातील रुग्णाच्या बाबतीत हा धोका डॉक्टरने जाणून उमजून पत्करावा लागेल. तो नाहीच असे भासवून चालणार नाही. रक्त चढवण्याआधी रुग्णाच्या रक्ताचा नमुना काढून ठेवणे त्यासाठीच आवश्यक आहे.

आता कायद्याकडे वळू. आपले रक्तविषयक नियम कडक आहेत आणि ते तसे असण्यास सबळ इतिहास आहे. पैसे घेऊन रक्त विकणारे व्यावसायिक दाते, विनातपासणी चालणाऱ्या रक्तपेढ्या, त्यातून पसरलेली कावीळ आणि एड्सची बाधा हे सर्व या देशाने भोगले आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ खटल्यात जो निर्णय दिला, त्यातून राष्ट्रीय व राज्य रक्तसंक्रमण परिषदा जन्मास आल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री करणाऱ्या दात्यांवर बंदी आली. तो निर्णय झाला नसता तर आजची शिबिरे झाली नसती. म्हणून ‘नियम जाचक आहेत, ते काढून टाका’ अशी मागणी आम्ही करणार नाही. पण नियमकर्त्यांनी जेथे गरज पटली तेथे वाट करून दिली आहे, हेही सांगितले पाहिजे. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘के’ अनुसूचीत ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांतील रक्त साठवण केंद्रांना, वार्षिक वापर दोन हजार युनिटांच्या आत असेल तर, परवान्यातून सूट आहे. मान्यताप्राप्त रक्तपेढीतून तपासलेले रक्त आणावयाचे व तेथे ठेवावयाचे. त्याच अनुसूचीत सीमावर्ती आणि दुर्गम भागांतील सैन्याच्या वैद्यकीय तुकड्यांना, त्यांच्या फिरत्या पथकांना आणि क्षेत्रीय रुग्णवाहिका दलांना रक्त घेण्याची व देण्याची निराळी मुभा आहे. सियाचीनच्या पायथ्याशी असणाऱ्या जवानासाठी जो विवेक दाखवला गेला, तोच भामरागडच्या मातेसाठी दाखवावयाचा, तोही अधिक सुरक्षित स्वरूपात. कारण येथे रस्त्यात कोणाचे रक्त काढावयाचे नाही, आधीच तपासून ठेवलेली पिशवी काही किलोमीटर पुढे न्यावयाची आहे. साठवण केंद्राच्या व्याख्येत रुग्णवाहिकेतील प्रमाणित शीतपेटीचा समावेश करणे, एवढी दुरुस्ती केंद्राने करावी आणि राज्याने तिचा पाठपुरावा करावा.

या संदर्भात आपल्या राज्याने एकदा चांगले पाऊल टाकून ते मागे घेतले, याची आठवण करून देणे भाग आहे. सिंधुदुर्ग आणि सातारा जिल्ह्यांतील प्रयोगानंतर जानेवारी २०१४ मध्ये ‘जीवन अमृत सेवा’ राज्यभर सुरू झाली. १०४ क्रमांकावर रुग्णालयाने मागणी नोंदवावी आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात दुचाकीवरून शीतपेटीतून रक्त पोहोचावे, अशी ती योजना होती. २०२२ मध्ये ती बंद करण्यात आली. मागणी कमी आहे, असे अशा योजनांबाबत नेहमी म्हटले जाते. अग्निशमन दलाला रोज किती कॉल येतात, यावरून आपण ते ठेवावे की नाही हे ठरवत नाही. त्या योजनेतील दुचाकी, शीतपेटी आणि दूरध्वनीची साखळी आज असती, तर रुग्णालयातून निघालेली दुचाकी आणि रस्त्यावरून येणारी रुग्णवाहिका यांची वाटेतील एखाद्या पथकर नाक्यावर गाठ घालून देणे, हेच प्रत्येक रुग्णवाहिकेत रक्त ठेवण्यापेक्षा स्वस्त व सोपे ठरले असते. अजूनही ठरू शकेल.

१०८ सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली; त्यांतील २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या होत्या. रक्ताचा प्रारंभ या प्रगत गाड्यांपासून आणि त्यातही निवडक वीस-पंचवीस ठिकाणांहून व्हावा. तापमान सतत नोंदवणारी शीतपेटी, रक्त कोमट करणारे छोटे यंत्र, कॅल्शियमचे इंजेक्शन (पिशवीतील सायट्रेट रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम बांधून टाकते, म्हणून), आणि डॉक्टरांना नियमित प्रशिक्षण एवढी सामग्री लागेल. कोणाला रक्त द्यावयाचे, याचे निकष आधीच लेखी ठरलेले असावेत. प्रत्येक पिशवीचा हिशेब आणि प्रत्येक प्रतिकूल परिणामाची नोंद राष्ट्रीय रक्तदक्षता कार्यक्रमाकडे जावी. आणि सर्वांत आधी, आज, कोणत्याही नियमदुरुस्तीची वाट न पाहता, ट्रॅनेक्झामिक आम्ल हे स्वस्त औषध प्रत्येक रुग्णवाहिकेतून रक्तस्राव होणाऱ्या जखमीला वेळेत मिळते की नाही, याची तपासणी व्हावी. चाळीस देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवरील, भारतातील रुग्णालयांचाही सहभाग असलेल्या २०१० च्या अभ्यासात त्याने मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आणले होते. ते पहिल्या तीन तासांतच द्यावे लागते. उशिरा दिल्यास अपाय संभवतो. गाडीत ते असूनही टोचले जात नसेल, तर रक्ताची पिशवी ठेवून तरी काय साधणार?

खर्चाचा प्रश्न येणारच. अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार देणारी योजना केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये अधिसूचित केली, हे अत्यंत स्वागतार्ह पाऊल आहे. मोटार वाहन कायद्यातच ‘गोल्डन अवर’ची व्याख्या झाली आहे आणि मदत करणाऱ्या भल्या माणसाला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे कवच मिळाले आहे. त्या पहिल्या तासात लागणारी रक्ताची पिशवी या योजनेच्या कक्षेत मानली जावी, म्हणजे रुग्णवाहिका चालवणाऱ्याला आणि रक्तपेढीला आपापले देणे कोणाकडून वसूल करावयाचे याची विवंचना उरणार नाही.

उरतो समाजाच्या वाट्याचा भाग. पुण्यातील जनकल्याण रक्तपेढी, छत्रपती संभाजीनगरची दत्ताजी भाले रक्तपेढी, सोलापूरची डॉ. हेडगेवार रक्तपेढी यांसारख्या संस्था कार्यकर्त्यांच्या बळावर उभ्या आहेत आणि त्यांचा अनुभव या प्रयोगात शासनाला हाताशी घेता येईल. पण येथे आपल्याच घरातील एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे. आपली शिबिरे दिनविशेष पाहून होतात. रुग्णाची गरज पाहून होत नाहीत. नेत्याच्या वाढदिवशी एकाच दिवसात हजार पिशव्यांचा विक्रम होतो, त्याचे फलक चौकाचौकांत लागतात, आणि त्या पिशव्यांतील तांबड्या पेशींचे आयुष्य असते ३५ ते ४२ दिवसांचे, तर प्लेटलेटचे अवघे पाच. पुढे मे महिन्यात महाविद्यालये बंद, माणसे गावी गेलेली, आणि रक्तपेढीच्या कपाटात मोकळे कप्पे. दिवाळीनंतरही तेच. ऊन आणि लग्नसराई यांमुळे अपघातांना मात्र सुट्टी नसते. रुग्णवाहिकेत बाराही महिने रक्त ठेवावयाचे तर ते बाराही महिने मिळाले पाहिजे. त्यासाठी हजार जणांच्या एका शिबिरापेक्षा चाळीस-पन्नास जणांची वीस शिबिरे अधिक मोलाची.

महामार्गालगतच्या आणि दुर्गम तालुक्यांतील शाखांनी, मंडळांनी व महिला गटांनी ओ गटाच्या निरोगी दात्यांची सूची करावी, त्यांना वर्षातील ठरावीक महिने वाटून द्यावेत आणि पुरुषांनी तीन महिन्यांच्या, स्त्रियांनी चार महिन्यांच्या अंतराने जवळच्या मान्यताप्राप्त रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावे. फलकावर कोणाचे छायाचित्र लागणार नाही. शासनाकडे आमची मागणी एवढीच की राज्य रक्तसंक्रमण परिषद, आरोग्य विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांनी एकत्र बसून समृद्धी महामार्गावरील एक पट्टा आणि नंदुरबार वा गडचिरोलीतील एक तालुका येत्या उन्हाळ्यापूर्वी निवडावा, तेथे एक वर्ष हा प्रयोग चालवावा आणि किती पिशव्या गेल्या, किती परत आल्या, किती वाया गेल्या आणि किती माणसे जगली, याचा हिशेब विधिमंडळापुढे ठेवावा.